शिंगाला गेरू

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात माझी सगळी नोकरी गेली. मी डॉक्टर नव्हतो, हाताखालचा माणूस होतो. पण गावोगाव लोक मला डाक्टरच म्हणायचे आणि मीही कुणाला कधी दुरुस्त केलं नाही. डाक्टर म्हणणारा माणूस चहा पाजतो, हाताखालचा म्हणणारा पाणीही विचारत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर बर्फाची पेटी खांद्याला अडकवायची, एसटीनं मेडशीकडच्या एखाद्या गावात उतरायचं आणि दिसेल त्या बैलाच्या, गाईच्या, म्हशीच्या मानेत घटसर्पाची लस टोचायची, हे माझं काम.

टोचायला वेळ लागत नसे. वेळ जायचा तो बोलण्यात. लसीनं बैल बसतो, गाभण गाय गाभडते, म्हैस आटते, अशा शंका प्रत्येक गोठ्यात माझ्या आधीच येऊन बसलेल्या असत. माझी उत्तरं तयार होती. सूज येते, उतरते. ताप येतो, जातो. दूध दोन दिवस कमी होतं, मग जागेवर येतं. कामाला जुंपू नका, पाणी भरपूर पाजा. ही वाक्यं मी इतक्या वेळा म्हटली आहेत की झोपेतही म्हणत असेन. बायको म्हणते, म्हणताच.

लोकांनी मात्र माझ्या वाक्यांवर विसंबून न राहता आपले दोन उपाय काढले होते. पहिला उपाय नमुन्याच्या बैलाचा. गावात कुणीतरी एकानं आधी आपला बैल पुढे करायचा आणि बाकीच्यांनी दोन दिवस त्या बैलाकडे बघत बसायचं. चारा खातो का, रवंथ करतो का, उठतो कसा, बसतो कसा. दोन दिवसांनी बैल जागच्या जागी दिसला की मग बाकीचे आपापल्या दावणीकडे वळायचे. हा नमुन्याचा बैल बहुधा गावात ज्याचं कुणी ऐकत नाही अशा माणसाचा असे.

दुसरा उपाय याहून हुशारीचा. एकाच जनावराला दोनदा टोचलं जाऊ नये म्हणून आम्ही लस दिलेल्या जनावराच्या शिंगावर गेरूचं बोट ओढत असू. कानातले पिवळे बिल्ले फार नंतर आले. मोठ्या गावाला दोन दिवस लागत. पहिल्या दिवशी अर्धं गाव झालं की उरलेल्या अर्ध्यातली काही मंडळी सकाळी आम्ही यायच्या आत आपल्या हातानं बैलाच्या शिंगाला गेरू लावून मोकळी होत. "याले कालच देल्ली ना लस, हे पाहा निशाणी!" आमच्याच खुणेनं आम्हाला टोपी.

यावर माझी एक युक्ती होती. गेरूकडे बघायचंच नाही. मानेवर हात ठेवायचा आणि दाबायचा. खरोखर टोचलेली मान थरथरते, जनावर अंग काढून घेतं. गेरूवाला बैल आपला रवंथ करत राहतो.

माझा शेजारी या गेरूच्या विद्येत अव्वल होता. त्याची थोडीशी शेती, सोयाबीन आणि तूर, आणि एक बैलजोडी. मी नोकरीतून मोकळा होऊन अनसिंगच्या घरी कायमचा राहायला आलो तेव्हापासून आम्ही रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसतो. बायको चहा घेऊन आली की तो न चुकता सांगतो, "वयनी, तुमच्या मालकाले म्या कितीक साल गेरूवर काढलं." तो थापा मारतो. एकदाच काढलं होतं, तेही त्या दिवशी मला घाई होती म्हणून. बायको दरवेळी हसते आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून विचारते. ती इतकं मन लावून का ऐकते, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

बायकोला दमा आहे. जुना आहे, आता घरातलाच झाला आहे. एरवी ती त्याला फारशी किंमत देत नाही. पण तिचं एक काम असं आहे की त्याला दम लागतो. आमच्या विहारात वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होतं. ते कित्येक वर्षांपासून बायको करते. शिकली सातवीपर्यंतच. पण ती वाचायला बसली की वस्तीतल्या बाया गॅस बंद करून येतात. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली न्यायचा, कोणतं वाक्य परत वाचायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. मी मागच्या भिंतीला टेकून बसतो आणि नियमानं झोपतो. बायको म्हणते, तुम्ही घोरायला लागलात की मला समजतं, आवाज मागपर्यंत पोचतो आहे.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास तिला फ्लू झाला. आम्ही त्याला सर्दीच म्हणत होतो. दोन काढे झाले, वाफ झाली, आणि एका दुपारी पाण्याची कळशी उचलता उचलता ती दारातच बसली. श्वास लागला. बोलता येईना. वाशीमला दवाखान्यात नेलं. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला, मी खाटेशेजारी उभा. ती बोटानं हवेत काहीतरी उलटवून दाखवत होती. नर्सला वाटलं पाणी मागते आहे. मला वाटलं पांघरूण काढा म्हणते आहे. बऱ्याच वेळानं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती पान उलटवत होती. वाचन कुठं थांबलं आहे ते सांगत होती.

मी पुष्कळ जनावरं मरताना पाहिली आहेत आणि त्यांच्या मालकांना धीरही दिला आहे. तेव्हाची वाक्यंही माझी ठरलेली असत. त्या दिवशी त्यातलं एकही कामाला आलं नाही. मी बाहेर चहाच्या टपरीसमोरच्या बाकड्यावर जाऊन बसलो आणि रडलो. टपरीवाल्यानं न मागता चहा आणून ठेवला आणि पैसे मात्र मागून घेतले.

बायको बरी होऊन घरी आली, पण त्या वर्षी पुन्हा वाचायला बसली नाही. उरलेला ग्रंथ एका निवृत्त मास्तरांनी वाचून पुरा केला. मास्तर सज्जन माणूस. पण त्यांच्या तोंडून कुठलंही वाक्य परिपत्रकासारखं बाहेर येतं. अर्धी वस्ती माझ्यासारखी भिंतीला टेकायला लागली. मला तेवढी झोप येईना. बायको घरात बसून भोंग्यावरून ऐकायची आणि मास्तर चुकीच्या ठिकाणी थांबले की कपाळावर हात मारायची.

यंदा मृगाच्या आधी तपासायला गेलो तेव्हा छातीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वर्षी फ्लूची लस घ्या. दोघांनीही. आणि आता दर वर्षी, पाऊस सुरू व्हायच्या आत." बायकोनं विचारलं, त्यानं फ्लू होणारच नाही काय? बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, होणारच नाही असं नाही, पण झाला तरी गेल्या वर्षीसारखं दवाखान्यात पडायची वेळ बहुतेक येत नाही. लसीचा असर यायला दोन आठवडे लागतात, म्हणून उशीर करू नका. आणि त्रास? "दंड दुखेल, थोडी सूज येईल. एखादा दिवस ताप, अंग मोडल्यासारखं वाटेल. मग जागेवर." मला हसू आवरेना. माझीच वाक्यं होती. फक्त दुधाचं तेवढं राहिलं होतं.

परतीच्या एसटीत बायको खिडकीबाहेर बघत होती. अर्ध्या वाटेत म्हणाली, "पयले तुमी घ्या. दोन दिवस पाहू."

झालं. मी नमुन्याचा बैल ठरलो. ज्याचं कुणी ऐकत नाही अशा माणसाचा, हे वर सांगितलंच आहे. इथं बैल आणि माणूस एकच निघाले.

संध्याकाळी ओट्यावर शेजाऱ्याला ही बातमी लागली. तो खूश. "पन दर साली नवी लस कायले? म्हंजे मागच्या सालची खोटी होती काय?" मी नोकरीतला आवाज काढला. म्हटलं, हा विषाणू दर वर्षी रूप बदलतो. आपल्या कपाशीवरच्या अळीचं बघ, जुन्या औषधाला ती दाद देत नाही, मग नवं फवारावं लागतं. त्यानं मान डोलावली. "बरोबर हाय. तो क्रुषी केंद्रवालाबी असंच म्हनते, आन दर साली नवी बाटली इकते." माझ्या दाखल्यानं मलाच शिंग मारलं. बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

खरं सांगायचं तर शंका मलाही होत्या. नातेवाईकांच्या ग्रुपवर एका मेहुण्यानं व्हिडिओ टाकला होता की फ्लूच्या लसीनं फ्लूच होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की दंडात देतात त्या लसीतला विषाणू मेलेला असतो, तो काय रोग करणार. मेलेल्या जंतूची लस मी सगळी नोकरी टोचली. हे मेहुण्याला मी दोन मिनिटांत पटवलं असतं. पण प्रश्न बैलाच्या मानेचा असतो तेव्हा विज्ञान फार सोपं असतं. आपला दंड मध्ये आला की ते जरा अवघड होतं.

आज-उद्या करता करता तीन आठवडे गेले. वाशीमला लस घ्यायला गेलो तेव्हा मी सिस्टरला म्हटलं, बर्फ दाखवा. ती म्हणाली, "काका, फ्रीज आहे." मग फ्रीज दाखवा म्हटलं. तिनं दाखवला. बाटलीवरची तारीख बघितली, चष्मा पुसून परत बघितली. ही लस अंड्यात वाढवतात, म्हणून तिनं विचारलं, अंडं खाल्लं की काही त्रास होतो का? म्हटलं, बायकोला होतो, तिला करावं लागतं म्हणून. ती हसली नाही. मी दंड पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. टोचताना तोंड फिरवणाऱ्या बैलाला मी भित्रा म्हणत असे. त्या सगळ्या बैलांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. मी ओट्यावर छाती काढून बसलो. शेजारी चौकशीला आला. "काय डाक्टर, चारा खाल्ला का? रवंथ चालू हाय ना? दुधाचं कसं काय?" मी त्याला दोन शिव्या दिल्या, त्यावरून प्रकृती चांगली आहे असा त्यानं निष्कर्ष काढला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगात कसकस भरली. दंड जड, कूस बदलता येईना. डोकं दुखायला लागलं, पाठीत कळा. ताप फार नव्हता. कुठल्याही शेतकऱ्याला मी "हे व्हायचंच, उलट चांगलं आहे" म्हणून उडवून लावलं असतं. पण इथं माझ्याकडे बघून एक जण ठरवणार होती. मी कण्हलो असतो तर तिनं लसीला हात जोडले असते, आणि पुढच्या पोळ्याला मी पुन्हा त्या टपरीसमोर बसलो असतो. म्हणून मी ठरवलं, कण्हायचं नाही. तापाची गोळी गुपचूप घेतली. तोंडाला चव नसताना नेहमीच्या तीन भाकरी खाल्ल्या, वर चौथीतली चतकोर मागून घेतली. उलटा पेपर तोंडापुढे धरून बसलो नाही एवढंच. शेजारी म्हणाला, "अंगनात जरा चालून दाखवा." चालूनही दाखवलं.

तिसऱ्या दिवशी सगळं खरंच जागेवर आलं. मी बायकोसमोर उभा राहिलो, दंड वर-खाली करून दाखवला. "पाह्यलं? काई होत नाई." ती "बरं" म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की मला माझ्या नाटकाचा अभिमान वाटला.

पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याची बायको गुडघे दाखवायला वाशीमला निघाली. बायको म्हणाली, मी तिच्यासंगं जाते, लस घेऊन येते, तुम्ही कशाला पुन्हा तिकीट काढता. संध्याकाळी ती आली. डाव्या दंडावर गोल पट्टी, पट्टीखाली कापूस. पदर मुद्दाम त्याच बाजूला सरकलेला. "घेतली," म्हणाली. मी स्वतः तिच्यासाठी चहा केला. गावातले एवढे गोठे पटवले पण घरचा गोठा पटवल्यावर जे वाटलं ते कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती भाकरी थापत होती. दोन्ही हातांनी, फटाफट, नेहमीसारखी. मी कौतुकानं बघत होतो. मग तिनं डावा हात वर करून फळीवरचा तिखटाचा भरलेला डबा खाली घेतला. माझ्या दंडाला आठवणीनंच कळ आली. तिला कशी नाही आली? मी उठलो, जवळ गेलो, पट्टीवर हात ठेवला आणि अंगठ्यानं दाबलं.

"काय करून राह्यले वो?" तिनं विचारलं आणि भाकरी उलटवली. रवंथ चालू होता.

मी पट्टी ओढून काढली. खाली कातडी कोरी होती. कापूस घरातला, पट्टी औषधाच्या दुकानातली. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, शिंगाला गेरू.

मी ओरडलो. फार ओरडलो. मेलेला विषाणू, दोन आठवड्यांचा असर, गेल्या वर्षीचा मास्क, सगळं एका दमात काढलं. पौर्णिमा तीन दिवसांवर आली होती, तेही काढलं. तिनं तव्यावरची भाकरी जळू दिली नाही. माझं झाल्यावर म्हणाली, "तुमचं बनेन घामानं वलं झालं होतं. उशीखाली गोयीचं पाकीट होतं. मले का डोये नाईत? तुमाले काई नाई झालं मनता आन चोरून गोया खाता. मले ताप आला, गया बसला, तर पुनवेले कोन वाचन? मास्तर? अश्विनात वाचन झालं की घेईन मी."

मी चप्पल घालून शेजाऱ्याकडे गेलो आणि त्याच्यावर ओरडलो, कारण विद्या त्याची होती. तो वखराला पाचर ठोकत होता. आधी पोट धरून हसला. मग पाचर बाजूला ठेवून म्हणाला, "डाक्टर, एक सांगू? गेरू लावनाराले बैलाची फिकर नसते असं नाई. म्या त्या साली काहून लावला? पेरनी तोंडावर होती. तुमी मनत होते दोन दिवस जुंपू नका. पाऊस थांबते काय दोन दिवस?"

त्याच्या घरून माझं घर वीस पावलांवर. पण मी लांबून, विहाराच्या बाजूनं गेलो. पोरी पौर्णिमेसाठी फरशी धूत होत्या. माईकची वायर कुणीतरी गुंडाळून खिडकीत ठेवली होती. मला वाटत होतं बायको सुईला भिते, तापाला भिते, मेहुण्याच्या व्हिडिओला भिते. ती यातल्या कशालाच भीत नव्हती. तिची पेरणी आली होती. आणि मी तिला विषाणू मेलेला असतो हे शिकवत होतो.

घरी आलो. ती ताट वाढून बसली होती. मी जेवायला बसलो नाही. या प्रसंगाची वाक्यं माझ्याकडे तयार नव्हती. शेवटी म्हटलं, "मले भेव वाटते."

तिनं वर बघितलं.

"तू गेल्या साली त्या मास्कमधी होती ना, तवापासून वाटते. रोज वाटते. तू रातीले खोकलली की म्या उठून बसतो. तू एक पुनव वाचली नाई तर चालन. पुढच्या साली वाचाले तू पाह्यजे."

तिनं माझा पाट पुढे सरकवला. मग माझ्या ताटात भाजी घालत म्हणाली, "हे पयले सांगाचं होतं ना. मेलेला इषाणू, मेलेला इषाणू लावलं तुमी." आणि थोड्या वेळानं, "पन एक अट हाय. यंदा वाचनात पुढं बसाचं. भितीले टेकाचं नाई."

दुसऱ्याच दिवशी आम्ही वाशीमला गेलो. या वेळी मी आत उभा राहिलो. डॉक्टरीणबाईंना उशीर झाल्याचं सांगितलं, त्या म्हणाल्या, उशीर झाला तरी घेतलेली बरी, पाऊस अजून पुष्कळ आहे. सिस्टरनं दंड पुसला. बायकोनं तोंड फिरवलं नाही. सुई जाताना ती सिस्टरला विचारत होती की तिचं माहेर कोणतं.

तिला ताप आला, एक दिवस, माझ्याहून कमीच. ती उघडपणे कण्हली. गोळी मागून घेतली, दुपारभर झोपली, मला वरण-भात करायला लावला आणि तो खारट झाल्याचं शेजारणीला सांगितलं. गळा बसला नाही. पण मेहुण्याचा व्हिडिओ डोक्यातून जात नव्हता. तिचा प्रत्येक खोकला मी ऐकत होतो. लस घेतली म्हणून हिला काही होणारच नाही असं मला कुणी लिहून दिलं नव्हतं. मी तरी कुठल्या शेतकऱ्याला लिहून दिलं होतं?

पौर्णिमेला ती पांढरी साडी नेसून विहारात आली. दारात खिरीचं पातेलं उतरलं होतं. त्रिशरण, पंचशील झालं, मेणबत्त्या लागल्या, पावसाची भुरभुर होती तरी विहार भरला. मास्तर पहिल्या रांगेत. मी त्यांच्या शेजारी, ताठ, पाठीला भिंत नाही. ग्रंथ जाड आहे. चौरंगावर ठेवला तर उजेड पुरत नाही, म्हणून ती तो डाव्या हातावर पेलून वाचते. मी उठलो, ग्रंथ उचलून तिच्या हातात दिला, आणि आधार दिल्यासारखं करून तिचा डावा दंड धरला. सुई जाताना मी स्वतः पाहिली होती. पण सवय. अंगठा आपोआप जागेवर गेला आणि दाबला गेला.

"स्स्स! मेली वो माय!"

माईक चालू होता. विहारातल्या आणि विहाराबाहेरच्या सगळ्यांनी ऐकलं. पलीकडून शेजाऱ्याचं खो खो हसणंही ऐकू आलं. बायकोनं माझ्याकडे जे बघितलं ते मी इथं लिहीत नाही. एवढ्या नोकरीत मी किती माना दाबल्या असतील. कुणाच्या कळवळण्यानं मला असं कधी भरून आलं नव्हतं. मी मान खाली घालून जागेवर बसलो, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मास्तर बघत होते.

तिनं पदर सारखा केला आणि ग्रंथ उघडला. पहिल्या पानावर नाही. मधूनच, जिथं लोकरीचा जांभळा धागा अडकवलेला होता तिथं. मास्तर हळूच म्हणाले, "बाई, सुरुवात पहिल्या पानापासून असते."

"उद्यापासून," ती म्हणाली. "हे मागच्या सालचं पान माह्यं वाचाचं राह्यलं."

आणि तिनं वाचायला सुरुवात केली. पानाच्या मध्यावर ती एकदा श्वास घ्यायला थांबली. सगळे थांबले. मीही माझा श्वास धरून बसलो. मग तिचा श्वास आला, भरपूर आला, आणि तिनं पुढचं वाक्य उचललं.

घरी येताना छत्री एकच होती. ती दुखरा हात सांभाळत माझ्या बाजूनं चालत होती. म्हणाली, "आज घोरले नाई तुमी. आवाज आला नाई काय?"

"आला," मी म्हटलं.